घरचे हातकाम : मामंजींची खुर्ची

भिलाईच्या कडेला असलेल्या जुनवानीहून एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे सासरे १९६०च्या दशकात विदर्भातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस आले. पुढे पतीही त्याच कारखान्यात लागले. सेक्टरमधील क्वार्टरात दोन पिढ्यांचा संसार झाला. आता पती निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि कुटुंब जुनवानीत बांधलेल्या स्वतःच्या घरात राहावयास गेले. सामानाबरोबर जुने लाकडी सामानही आले. वेताची बैठक फाटलेली एक सागवानी हातांची खुर्ची, रेक्झिन उसवलेल्या जेवणाच्या चार खुर्च्या आणि हिरवा तैलरंग फासलेली एक तिपाई, हे ते सामान. मुलाने नव्या घरासाठी नवा सोफा घेतला. तो दिसावयास देखणा आहे, पण बुटका आणि मऊ. मामंजींचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या सोफ्यात ते बसतात खरे, परंतु दुसऱ्याने हात दिल्यावाचून त्यांना उठता येत नाही. म्हणून ते हल्ली बैठकीच्या खोलीत येतच नाहीत. जुनी खुर्ची मागच्या पडवीत पडली आहे आणि भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, “मी कधी हातात रंधा धरलेला नाही. ही खुर्ची मला स्वतःला नीट करता येईल काय?”

येईल. मात्र आरंभ त्या खुर्चीपासून करू नये.

आधी खुर्चीविषयी दोन शब्द. जुन्या पद्धतीच्या हातांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारणपणे सतरा-अठरा इंच उंच असते, ती दाबली जात नाही, आणि हात पुढपर्यंत आलेले असतात. वृद्ध माणूस उठतो तो पायांच्या बळावर जितका, तितकाच हातांच्या बळावर. बैठक बुटकी असली की गुडघे कमरेच्या वर जातात आणि शरीराचा भार पुढे आणणे कठीण होते. म्हणून ह्या बाईंच्या घरी प्रश्न केवळ जुन्या वस्तूच्या मायेचा नाही. घरातील वडील माणसाने चारचौघांत येऊन बसावे की न बसावे, हे त्या फाटक्या वेतावर अवलंबून आहे. नवा सोफा परत करावा असे मी म्हणणार नाही. त्याच्या शेजारी ही खुर्ची ठेवता येईल एवढी जागा करावी, म्हणजे झाले.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता; तेव्हा विदर्भातील माणसाला हा मुलूख परका नव्हता. छत्तीसगडच्या जंगलात साग, साल, बिजा हे वृक्ष विपुल आहेत. साल वजनदार व चिवट, म्हणून चौकटींना आणि रेल्वेच्या स्लीपरांना योग्य. खुर्चीला साग बरा, कारण तो ऋतुमानाप्रमाणे फारसा वाकत-पिळत नाही आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. सागाची साठ वर्षांची खुर्ची मोडीत काढण्याजोगी होते ती सहसा लाकडामुळे नव्हे. सांधे सुटतात, वेत तुटतो, पॉलिश मळते. ही तिन्ही दुखणी बरी होणारी आहेत.

चंडीगडची हकिगत येथे आठवते. ते शहर वसत असताना, १९५०च्या दशकात, ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या व वेताच्या साध्या खुर्च्या योजल्या होत्या. पुढे त्या जुन्या झाल्या म्हणून गच्चीवर, व्हरांड्यात ढिगाने टाकल्या गेल्या आणि लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत प्रचंड किमतींना विकल्या जाऊ लागल्या तेव्हा आपल्याला जाग आली, आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला अशा वस्तूंच्या विक्रीस मनाई करावी लागली. जुनवानीच्या पडवीतील खुर्चीला अशी किंमत येणार नाही, हे उघड आहे. भंगारवाला दोनदा का आला, एवढे मात्र ह्यावरून कळते.

आता कामाकडे वळू. जेवणाच्या चार खुर्च्यांपैकी जी सर्वांत वाईट असेल ती प्रथम घ्यावी. बिघडली तरी हळहळ नाही. खुर्ची उलटी केली की बैठकीची फळी खालून चार स्क्रूंनी बसविलेली दिसेल. ते काढले की फळी हातात येते आणि पुढचे सर्व काम जमिनीवर बसून करता येते. रेक्झिन ओढून फाडू नये. खिळे एकेक उपसावेत आणि प्रत्येक थर जसा निघेल तसा क्रमाने बाजूला ठेवावा. मोबाइलवर चार छायाचित्रे घेऊन ठेवली तर उत्तमच. जुने कापड कितीही मळलेले असो, काम संपेपर्यंत टाकू नये. नव्या कापडाचा बेत त्यावरूनच करावयाचा असतो. आत काथ्या किंवा कापूस निघेल. काथ्या चांगला असला तर उन्हात घालून, पिंजून पुन्हा वापरता येतो. फोम मात्र पिवळा पडून चुरा होऊ लागला असेल तर टाकून द्यावा. हवेने त्याचे आयुष्यच संपलेले असते. नवा घेताना दुकानदाराला घनता विचारावी. चाळीस घनतेचा, दोन इंच जाडीचा फोम बैठकीला पुरेसा होतो. त्याहून हलका घेतल्यास वर्षभरात खड्डा पडतो.

कापड किती लागेल ह्याचा हिशेब गृहिणींना शिकवावयास नको, तरी एकदा मांडतो. बैठक अठरा इंच चौरस असेल तर फोमच्या जाडीसाठी दोन्ही बाजूंस दोन-दोन इंच आणि खाली दुमडून ठोकण्यासाठी आणखी दोन-दोन इंच धरावेत, म्हणजे सव्वीस इंचांचा चौकोन होतो. सोफ्याचे कापड बहुधा चोपन्न इंच पन्ह्याचे असते. त्यातून सव्वीस इंच लांबीत दोन बैठका निघतात. चार खुर्च्यांना दीड मीटर कापड घ्यावे, थोडे उरेल. पट्ट्यांचे कापड पहिल्या खेपेला घेऊ नये. पट्टी अर्धा इंच जरी वाकडी गेली तरी पाहुण्याची नजर प्रथम तिकडेच जाते.

ठोकताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तसे केले की कापड शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. पुढच्या कडेच्या मध्यावर एक खिळा, मग कापड ताणून मागच्या कडेच्या मध्यावर एक, नंतर डावी, नंतर उजवी असे चार मध्य आधी पक्के करावेत आणि तेथून दोहोंकडे सरकत जावे. खिळे प्रथम अर्धेच ठोकावेत, म्हणजे चूक दिसल्यास उपसता येतात. कोपरे सर्वांत शेवटी. ते साडीच्या निऱ्यांसारखे घडी घालून बसवावयाचे असतात, आणि ही गोष्ट आमच्या भगिनींना सुतारापेक्षा अधिक चांगली जमते असे मी अनेकदा पाहिले आहे. चौथ्या खुर्चीपर्यंत हात बसलेला असेल. स्प्रिंगांचा सोफा उघडण्याच्या भरीस मात्र पहिल्या वर्षी पडू नये. स्प्रिंगा सुतळीने आठ दिशांनी बांधून एका उंचीवर आणणे ही स्वतंत्र विद्या आहे.

तिपाईविषयी सावधगिरीची सूचना. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा पुष्कळ संभव असतो. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. तेव्हा त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. पाणकागद ओला करून, हातमोजे घालून, अंगणात जुन्या वर्तमानपत्रांवर हे काम करावे आणि निघालेला चिखल त्याच कागदात गुंडाळून टाकावा. एवढी खटपट नको असेल तर जुना रंग पक्का आहे तेथे तो तसाच ठेवून वरून नवा द्यावा. तिपाईचे काही बिघडत नाही.

एव्हाना महिना-दीड महिना गेला असेल. आता मामंजींची खुर्ची.

पहिले काम सांध्यांचे. खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवावी आणि जो सांधा बोलेल त्यावर खडूने खूण करावी. सुटलेल्या सांध्यात खिळा ठोकणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि त्याने जितक्या खुर्च्या मेल्या तितक्या वाळवीने मेल्या नसतील! खिळ्याने लाकूड चिरते आणि पुढे खरी दुरुस्ती करणे अशक्य होते. जुन्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या असतात. कोमट पाण्याचा बोळा सांध्यावर धरला की सरस मऊ पडतो आणि सांधा हलकेच निघतो. जुना सरस पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा गोंद लावू नये. तो लाकडाला न चिकटता जुन्या सरसाला चिकटतो. सागाच्या अंगी तेल असल्यामुळे सांधा थिनरच्या फडक्याने पुसून, वाळवून मगच फेविकॉल लावावा. सुताराजवळचे शिकंजे आपल्याजवळ नसतात. त्यांऐवजी खुर्चीच्या पायांभोवती दोरी गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ द्यावा. पुरेसा दाब येतो. खुर्ची सपाट जमिनीवर डुगडुगत नाही ना हे गोंद ओला असतानाच पाहावे, आणि चोवीस तास तिला हात लावू नये.

नंतर पॉलिश. येथे घाईने पॉलिशकागद हाती घेणारे पुष्कळ. मी म्हणेन, आधी पुसून पाहा. कोमट साबणपाण्यात पिळलेले फडके, मग टर्पेंटाइनचे फडके. साठ वर्षांचे तेल, हळद आणि धूळ निघून गेल्यावर खाली पुष्कळदा चांगले पॉलिश शाबूत असते. मग बैठकीखालच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर पॉलिश लाखेचे आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळले तर ते लॅकर आहे. दोहोंनीही ढिम्म हलले नाही तर ते अलीकडचे मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन समजावे. त्या काळच्या खुर्चीवर लाखच निघण्याचा संभव अधिक आणि ती निघाली तर काम अर्धे झाले असे समजा. लाखेचा नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. खरवडून काढण्याची गरजच उरत नाही.

लाखेबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण ह्या बाई ज्या राज्यात राहतात ते झारखंडाच्या जोडीने देशातील लाखेचे मोठे घर आहे. पळस, बोर आणि ज्याला आपण कोशिंब व तिकडे कुसुम म्हणतात त्या झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर अगदी बारीक किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. तीच लाख. पळस-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. प्रत्येकीची वर्षातून दोन पिके निघतात आणि कुसुमी फिकट रंगाची म्हणून अधिक मोलाची. फांदीवरून खरवडून, कुटून, धुऊन कणीदार लाख करतात; ती वितळवून पातळ पापुद्रे काढले की चपडा लाख, आणि बिल्ल्यांसारखे थेंब पाडले की बटण लाख. रांचीजवळच्या नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली, एवढे ह्या पदार्थाचे महत्त्व होते. पूर्वीच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच असत. नंतर कृत्रिम रसायने आली, तबकड्या गेल्या आणि पॉलिशही बदलले. लाख वेचणाऱ्या वनवासी कुटुंबाला मात्र शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत तिचाच आधार असतो. जुनवानीतील बाईंनी रंगाच्या दुकानात तयार डबा न मागता चपडा लाख मागावी, ती ह्यासाठीही.

एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा घालून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावा, मधून मधून हलवावा, आणि सकाळी मलमलीतून गाळावा. लोखंडी भांडे वापरू नये, लाख काळी पडते. लागेल तेवढेच करावे. विरघळलेली लाख सहा महिन्यांपलीकडे जुनी झाली की अंगावर नीट वाळत नाही, चिकट राहते. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही असते. देवघरातील समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून हे काम लांब ठेवावे. लाक्षागृहाची कथा आपल्याला ठाऊकच आहे.

खुर्ची १२० आणि नंतर २२० नंबरच्या कागदाने लाकडाच्या शिरांच्या दिशेने हलके घासून घ्यावी. आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. धुतलेल्या सुती कापडात कापसाचा बोळा बांधून, त्याला लाख पाजून, हात न थांबवता फिरवीत राहावे. बोळा अडखळू लागला तर त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. पातळ हात, तासाभराची विश्रांती, पुन्हा हात, असे सहा-सात हात दिले म्हणजे लाकूड आतून उजळल्यासारखे दिसू लागते. जवसाचे तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत, मग फेकावीत.

ऋतूही पाहावा लागतो. भिलाईच्या पावसाळ्यात लाखेवर पांढरी झाक येते, कारण हवेतील पाणी तिच्यात अडकते. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झुकला की स्पिरिट बोळा फिरण्यापूर्वीच उडून जाते व पट्टे पडतात. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. आणखी एक. लाखेला ऊन कप आणि सांडलेले पाणी सोसत नाही. खुर्चीला ती उत्तम, तिपाईच्या पृष्ठभागाला नव्हे.

राहिला वेत. बैठकीच्या चौकटीला सभोवार भोके आहेत की एक सलग खाच आहे, हे प्रथम पाहावे. खाच असेल तर तयार विणलेली जाळी भिजवून खाचेत दाबून वरून पट्टी ठोकावयाची असते; ते अर्ध्या दिवसाचे काम. भोके असतील तर हाताने विणावे लागेल. बाजारात प्लास्टिकचा वेत मिळतो आणि तो तुटत नाही हे खरे, परंतु सैल पडला की सैलच राहतो. खऱ्या वेताला खालून कोमट पाणी लावून वाळू दिले की तो पुन्हा ताठ होतो. खालूनच, कारण वरच्या चकचकीत सालीतून पाणी आत जात नाही. ज्यांच्या घरी वेताच्या धड खुर्च्या झोळ पडून आहेत त्यांनी दुसरे काही करण्यापूर्वी हा एक उपाय करून पाहावा.

पट्ट्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवाव्यात. मागच्या व पुढच्या मधल्या भोकापासून आरंभ करून दोहोंकडे उभ्या ओळी घालाव्यात. त्यांवर नुसत्या आडव्या. त्यांवर पुन्हा उभ्या, पहिल्यांच्या किंचित उजवीकडे. इथपर्यंत विणणे नाहीच. चौथ्या फेरीत आडवी पट्टी दुसऱ्या उभीच्या वरून आणि पहिल्या उभीच्या खालून न्यावयाची, आणि येथे जाळी धरू लागते. मग दोन तिरप्या फेऱ्या. पहिली तिरपी पट्टी उभ्या जोडीच्या वरून व आडव्या जोडीच्या खालून गेली असेल तर दुसरी नेमकी उलट जावी. दिशा बरोबर असली की पट्टी जोड्यांच्या कोपऱ्यात आपणहून सरकून बसते. अडखळत, घासत जात असेल तर चुकले समजून लगेच उसवावे. पट्ट्या भोकात अडकवून ठेवण्यास बांबूच्या लहान खुंट्या पुरतात. वेत सुकला की मोडतो, म्हणून हात फडक्याने ओला ठेवावा.

मुंबईप्रमाणे देशातील अनेक अंधशाळांत हे वेतकाम पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले आहे. बोटांना ओळ कळते, तेथे डोळ्यांवाचून अडत नाही. प्लास्टिकच्या साच्यातील खुर्च्या आल्या आणि कचेऱ्यांतील वेताचे काम आटले, तसे त्या हातांचे कामही आटले. तेव्हा चौथ्या फेरीला कंटाळा आला आणि आसपास असा कारागीर असला तर त्याला बोलावण्यात कमीपणा मानू नये. सुताराबद्दलही हेच. घरी शिकल्याने सुताराच्या पोटावर पाय येतो, असे एका वाचकांनी मागे लिहिले होते. मला तसे वाटत नाही. सांधा कशाने सुटतो हे ज्याला ठाऊक आहे तो गिऱ्हाईक खिळा ठोकणाऱ्याला परत पाठवितो आणि नीट काम करणाऱ्याला दोन पैसे अधिक देतो.

भगिनींनी पत्रात बैठकीवर गादी घालावी काय असेही विचारले आहे. घालावी, पण एक इंचाहून जाड नको, नाहीतर उंची वाढून मामंजींचे पाय अधांतरी राहतील. आधी त्यांना एखाद्या ताठ खुर्चीवर बसवून तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात ना, ते पाहून मगच ठरवावे. आणि विणून झाल्यावर दोन दिवस खुर्ची सावलीत राहू द्यावी. वेत आतून वाळल्याशिवाय कोणी बसले तर पहिल्याच दिवशी झोळ पडतो.